'सापडलं नाही' आणि 'नाहीच' यात फरक असतो

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत लागलीस हे वाचून इतकं बरं वाटलं काय सांगू, आणि त्याच मेसेजच्या शेवटी तू विचारलंयस की मॅडम, इथे रेसिडेंट सगळं एआयलाच विचारतात, रीडिंग रूममध्ये मुलं फक्त नीट पीजीच्या नोट्स घेऊन बसतात, मग माझं काम नक्की काय? दोन ओळीत उत्तर दिलं असतं तर तुला ते पटलं नसतं, म्हणून आज सकाळपासून लिहायला बसलेय.

आधी एक गोष्ट सांगते जी मला कळायला बरीच वर्षं गेली. 'मला सापडलं नाही' आणि 'असं काही नाहीच' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपण डॉक्टरला पहिलं सांगतो, तो घाईत दुसरं ऐकतो, आणि वॉर्डात जाऊन त्यानुसार वागतो.

मी नवीन असताना एक पीजीचा मुलगा आला, थीसिस विंचूदंशावर. गाइडने त्याला विंचवाचं शास्त्रीय नाव लिहून दिलेलं, मेसोब्यूथस टॅम्युलस, मी तेच पबमेडमध्ये, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या मोफत डेटाबेसमध्ये, टाकलं, आले तेवढे पेपर प्रिंट काढून हातात दिले आणि म्हटलं झालं, एवढंच आहे. व्हायवात एक्स्टर्नलनी त्याला विचारलं, अरे आपल्या महाडच्या बावस्करांचे लॅन्सेटमधले पेपर कुठायत? एक १९८२ चा, लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांची आधीची लक्षणं सांगणारा, दुसरा १९८६ चा, त्यावरच्या प्राझोसिन या औषधाचा. कोकणात बसून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जे काम केलं ते जगभर वाचलं गेलं आणि आमच्या पोराच्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये त्याचा पत्ता नाही! कारण काय, तर १९८२ च्या पेपरच्या नावात लॅटिन नाव नाहीच, 'रेड स्कॉर्पियन' एवढंच आहे. जुन्या पेपरात तोच विंचू ब्यूथस टॅम्युलस, मग तो मेसोब्यूथस झाला, आता हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात. बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधली बावस्करांची २०११ ची ट्रायल, प्राझोसिन आणि अँटीव्हेनम एकत्र दिलं तर काय होतं ती, तिच्या नावात मात्र मेसोब्यूथस आहे. म्हणजे एकच प्राणी, एकच आजार, एकच डॉक्टर, आणि तू एकच शब्द टाकलास की अर्धं काम नजरेआड. तो मुलगा पास झाला, पण बाहेर येऊन मला काही बोलला नाही, नुसतं बघितलं. ते अजून आठवतं.

आमच्याकडे नुसते मार्क गेले, यापेक्षा फार वाईट घडलेलं आहे. २००१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्याच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या निरोगी मुलीला, तिथल्याच लॅबमध्ये टेक्निशियन होती ती, हेक्सामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे दिलं. संशोधकाने आधी पबमेड बघितलं होतं, पुस्तकं बघितली होती, धोका दिसला नाही. पण तेव्हा पबमेड मागे फक्त १९६६ पर्यंतच जायचं, आणि या औषधाने फुफ्फुसाला इजा होते हे सांगणारे पेपर होते १९५० च्या दशकातले. मुलगी महिन्याभरात गेली. नंतर लायब्ररियन लोकांनी शोधलं तर ते जुने पेपर सापडले. त्या डॉक्टरने शोध घेतलाच नव्हता असं नाही गं, घेतला होता. पण डेटाबेस कुठे संपतो हे सांगणारं त्याच्या शेजारी कोणी बसलेलं नव्हतं. तुझी खुर्ची तिथली आहे असं मी मानते.

आता एआयचं. तिथे उलटंच दुखणं आहे, नसलेलं 'सापडतं'. २०२३ मध्ये एक तपासणी छापून आली होती, चॅटजीपीटीने मेडिकल विषयांवर दिलेले ११५ संदर्भ एकेक करून पडताळले, तर ४७ टक्के चक्क बनावट, ४६ टक्के खरे पण तपशील चुकलेले, आणि धड बरोबर फक्त ७ टक्के. तेव्हापासून ही टूल्स सुधारलीत, आता बरीचशी खऱ्या पेपरची लिंक देतात, मी स्वतः वापरते आणि तूही वापर, घाबरून लांब राहू नको. एखाद्या विषयाला किती नावं असू शकतात हे काढायला एआय खरंच चांगलं आहे, वरच्या विंचवाची सगळी नावं त्याने मला मिनिटात दिली असती. पण लिंक खरी असली तरी पेपरमध्ये तेच लिहिलंय का हे उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. रेसिडेंटने एआयची यादी आणली तर त्याला कमी लेखू नको, त्याच्याकडे खरंच वेळ नाहीये, छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेला असतो. त्याच्या शेजारी बसून पहिले तीन संदर्भ पबमेडमध्ये पीएमआयडी (पेपरचा तिथला नंबर) टाकून उघड. एक जरी खोटा निघाला ना, तर पुढच्या वेळी तो आधी तुझ्याकडे येईल.

मेश, म्हणजे पबमेडमधल्या पेपरना लावलेले ठरावीक विषयशब्द, शिकलीस ना एमलिबला? थोडंसं शिकवतात आणि सोडून देतात. ते नीट कर, रोज अर्धा तास, महिनाभर. हार्ट अटॅक म्हटलं की मायोकार्डियल इन्फार्क्शन, विंचूदंश म्हणजे स्कॉर्पियन स्टिंग्ज, हे सगळं झाड डोक्यात बसायला हवं. आणि एक बदल लक्षात ठेव जो पुष्कळ जुन्या लोकांना पण माहीत नाही. पूर्वी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये माणसं पेपर वाचून मेशचे शब्द लावायची, २०२२ पासून हे काम मुख्यतः अल्गोरिदम करतो, माणसं फक्त काही पेपर तपासतात. फायदा असा की पूर्वी आठवडे, महिने लागायचे ते आता लगेच होतं. तोटा असा की मशीन कधी कधी गौण शब्दाला मुख्य विषय समजतं किंवा मुख्य विषयच सोडून देतं. म्हणून नुसत्या मेशवर विसंबू नको, टायटल आणि ॲबस्ट्रॅक्टमधले साधे शब्दही सोबत टाकायचे, दोन्ही ऑरने, म्हणजे 'किंवा'ने, जोडायचे. आणि सर्च डिटेल्स उघडून बघत जा, तू टाकलेल्या शब्दाचं पबमेडने आतल्या आत काय केलंय ते तिथे दिसतं, मी कितीतरी चुका तिथेच पकडल्यात.

सर्च लिहून ठेवायची सवय आत्ताच लाव. तारीख, डेटाबेस, कुठले शब्द, कुठले फिल्टर, किती आले. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासणं, ते करणाऱ्यांची प्रिझ्मा नावाची नियमावली असते ना, त्यात सर्च कसा रिपोर्ट करायचा याचा वेगळा भाग २०२१ मध्ये आलाय, प्रिझ्मा-एस, तो वाच. प्रेस म्हणून एक चेकलिस्ट आहे, एका लायब्ररियनने केलेला सर्च दुसऱ्याने तपासायचा ती. आपल्याकडे सर्च तपासून घेणं म्हणजे कमीपणा वाटतो लोकांना, सर्जन सेकंड ओपिनियन घेतो तेव्हा वाटतो का? आणि रिव्ह्यूमध्ये तू सर्च केलास तर नाव माग, ऑथरमध्ये नाहीतर आभारात तरी. भीड बाळगू नको, ते बौद्धिक काम आहे.

ॲक्सेसबद्दल विचारलंस. तुझं कॉलेज सरकारी आहे म्हणून तू नशीबवान आहेस. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० पब्लिशर्सची जवळजवळ १३,००० जर्नल्स, ६,३०० च्या वर सरकारी संस्था, आणि जानेवारी २०२५ पासून चालू झालं, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे यूजीसीचं लायब्ररी-नेटवर्क केंद्र ते बघतं. मी पंधरा-सोळा जर्नल्सच्या रिन्यूअलसाठी दर वर्षी लायब्ररी कमिटीपुढे हात जोडायचे, त्यामुळे मला ही यादी पहिल्यांदा बघताना डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत. पण चालू होणं वेगळं आणि पोरांना माहीत असणं वेगळं. तुझ्या कॉलेजात किती जणांना घरून लॉगिन करता येतं ते बघ आधी, कारण रेसिडेंटला पेपर लागतो रात्री दोनला हॉस्टेलवर, तुझ्या लायब्ररीच्या नेटवर्कवर नाही. प्रत्येक डिपार्टमेंटला जाऊन दहा मिनिटं मोबाईलवर करून दाखव, पोस्टर लावून काही होत नाही.

आणि जी खाजगी कॉलेजं या पहिल्या टप्प्यात नाहीत तिथली मुलं तुला फोन करतील, मित्रमैत्रिणी असतात. त्यांना वाटेला लावू नको. पबमेड सेंट्रलमध्ये फुकट आहे का, युरोप पीएमसीत आहे का, लेखकाला मेल टाकून मागता येतो (पुष्कळ लेखक आनंदाने पाठवतात, मागायची फक्त लाज वाटते आपल्याला), डेलनेट या लायब्ररींच्या नेटवर्कवरून मागवता येतो. साय-हबचं, म्हणजे पैशाचे पेपर बेकायदा फुकट देणाऱ्या साइटचं, विचारतील, ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते ब्लॉक करायला सांगितलं, तेव्हा त्यावर कोणाची थीसिस उभी राहू देऊ नको. पण ती मुलं तिथे का जातात हे विसरू नको. ज्याला पेपर परवडत नाही त्याचाही पेशंट पेशंटच असतो, हे मला अजूनही फार लागतं.

तुझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न मात्र वेगळाच असेल, मॅडम हे जर्नल खरं आहे का. प्रमोशनला पेपर लागतात, इनबॉक्समध्ये रोज गोड मेल येतात, चार दिवसात ॲक्सेप्ट, पैसे भरा. पूर्वी आपण यूजीसी-केअरची, म्हणजे मान्य जर्नल्सची, यादी दाखवायचो, पुणे विद्यापीठातल्या सेलमधून ते काम चालायचं, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली. म्हणजे आता बोट ठेवायला एक जागा नाही, तुलाच बघावं लागणार, एडिटोरियल बोर्डावरची माणसं खरंच तिथे आहेत का, मेडलाइनमध्ये (पबमेडचा निवडक जर्नल्सचा मुख्य भाग) इंडेक्स असल्याचा दावा एनएलएम, म्हणजे त्याच नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या, कॅटलॉगमध्ये जुळतो का, डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सच्या यादीत आहे का. आणि छापून आलं म्हणजे खरं असंही नाही. २०२३ या एका वर्षात जगात १०,००० च्या वर पेपर मागे घेतले गेले. कोविडमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटचा पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला, तेवढ्या दिवसात जगभर त्यावरून ट्रायल थांबवल्या गेल्या होत्या. पोरांना झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर शिकव, फुकट आहे, आणि तुमच्या यादीतला पेपर मागे घेतला गेला असेल तर ते लाल पट्टी दाखवून सांगतं. थीसिस सबमिट करायच्या आदल्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी शिकव.

अजून एक. लायब्ररीत बसून राहू नको, वॉर्डात जा. हे माझं वेड नाही, १९७१ मध्ये गर्ट्रूड लँब नावाच्या लायब्ररियनबाईंनी कॅन्सस सिटीत डॉक्टरांच्या राउंडबरोबर लायब्ररियन पाठवायला सुरुवात केली होती. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या १५ हॉस्पिटल्सचा अभ्यास छापून आला, त्यात ८० टक्के डॉक्टरांनी सांगितलं की लायब्ररीने दिलेल्या माहितीमुळे पेशंटच्या बाबतीत आपण काही ना काही वेगळं केलं. तुझ्या एचओडीला हा आकडा दाखव आणि आठवड्यातून एक दिवस मेडिसिनच्या राउंडला परवानगी माग. पहिले दोन महिने मागे उभी राहा, काही कळणार नाही, हरकत नाही. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट भरलेले असतील, कोणीतरी म्हणेल प्लेटलेट वीस हजार आहेत, ब्लीडिंग नाही, चढवायच्या का? नातेवाईक बाहेर डोनर शोधत पळत असतात तेव्हा. सिंगापूर-मलेशियातली २०१७ ची लॅन्सेटची ट्रायल नेमकी यावर आहे, अशा पेशंटना आधीच प्लेटलेट देऊन रक्तस्राव टळला नाही असं त्यात निघालं. ठरवणार डॉक्टरच, तो त्यांचा हक्क आणि जबाबदारी, पण तो कागद त्या क्षणी त्यांच्या हातात असणं हे तुझं काम. लायब्ररीत बसून हा प्रश्न तुला कधीच ऐकू आला नसता, काउंटरवर येऊन ते फक्त म्हणतात, डेंग्यूवर काहीतरी द्या.

पबमेड मार्च २०२५ मध्ये थोडा वेळ बंद पडलं होतं, तेव्हा सगळ्यांचे धाबे दणाणले, आणि जर्मनीच्या झेडबी मेड या लायब्ररीने पर्याय उभा करायचं जाहीर केलं. म्हणून एम्बेस, कोक्रेन, युरोप पीएमसी असे दुसरे डेटाबेस, यातलं जे मिळेल त्यावरही हात बसव, एकाच दारावर अवलंबून राहू नको.

तू लिहिलंयस की एका रेसिडेंटला सर्पदंशावर सर्च करून हवाय आणि सोमवारी द्यायचाय. करायला बसण्याआधी कागदावर सगळी नावं लिही, घोणस, मण्यार, फुरसं, नाग, प्रत्येकाचं इंग्रजी, लॅटिन, जुनं लॅटिन, मग पबमेड उघड. झालं की मला मेल कर, आलेले पेपर नकोत, सर्चची ओळ पाठव. मी रविवारी दुपारी मोकळी आहे, फोनवर बसून दोघी मिळून तपासू.

तुझी,
मॅडम