मणक्याच्या ऑपरेशनची पूर्वमंजुरी नाकारली. निवृत्तीची ठेव मोडू का?

तुमची अडचण अशी: कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे, चार महिने पाय ठणकतोय, सर्जन ऑपरेशन करा म्हणतात आणि विमा कंपनीनं ‘वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही’ असं कळवलंय. मग निवृत्तीसाठी साठवलेले पैसे काढून मोकळं व्हावं का?

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर मंजुरीची वाट न बघता तडक इमर्जन्सीत जा. हिशेब मागाहून.

तसं काही नसेल, तर ठेवीला तूर्त हात लावू नका. कंपनीला नुसता एमआरआय पुरत नाही आणि त्याला कारण आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची पाठ दुखतच नव्हती अशा लोकांच्या स्कॅनमध्येही गाद्यांची झीज दिसली: विशीतल्या 37 टक्के, ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत. म्हणून दबलेली नस आणि तुमचं दुखणं यांचा मेळ बसतो का, आणि ऑपरेशनशिवायचे उपाय, बहुधा किमान सहा आठवडे, करून झाले का, हे तपासलं जातं. तुम्ही फिजिओथेरपी घेतलीत, पण तिची एकही नोंद अर्जाला जोडली नाही. माझ्या मते घोडं इथेच अडलंय.

त्या नोंदी तारखांसह मिळवा. पायाची ताकद, संवेदना, रिफ्लेक्स, घेतलेली औषधं आणि इंजेक्शनं हे सगळं सर्जनकडून पत्रात लिहून घ्या आणि मुदतीच्या आत अपील करा. सर्जनना कंपनीच्या डॉक्टरांशी स्वतः बोलायची गळ घाला. संकोच करू नका. स्क्रू घालून मणके जोडायचे असतील तर छाननी आणखी कडक होते. तंबाखू-सिगारेट असेल तर आजच सोडा, निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो.

‘आधी भरतो, नंतर क्लेम करतो’ हा मार्ग मला धोक्याचा वाटतो. पॉलिसीत पूर्वमंजुरीची अट असेल, तर ती मोडली म्हणूनच क्लेम फेटाळला जाऊ शकतो. मंजुरी मिळाली तरी भूलतज्ज्ञ, इम्प्लांट आणि नंतरची फिजिओथेरपी त्यात धरली आहे का, ते लेखी विचारा. घरी बसावं लागेल त्या काळातली बुडणारी कमाईही मोजा.

अपीलही फेटाळलं गेलं, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यांनीही ऑपरेशनच सांगितलं, तर हॉस्पिटलशी एकरकमी दर ठरवा, आधी आपत्कालीन निधी वापरा आणि कमी पडेल तेवढीच रक्कम ठेवीतून काढा.