सरासरी चांगली असलेला स्पिनर बाहेर का बसतो? कसोटीसाठी फिरकी गोलंदाजांची तुलना करायची तरी कशी?

तुम्ही विचारलंय की मनगटाने चेंडू वळवणाऱ्या कुलदीप यादवची सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) आणि स्ट्राइक रेट (एका बळीमागे लागलेले चेंडू) इतके चांगले असताना त्याला बाहेर ठेवून ऑफस्पिनर वॉशिंग्टन सुंदर किंवा डावखुरा स्पिनर अक्षर पटेलला का खेळवतात, आणि दोन फिरकी गोलंदाजांची तुलना नुसत्या आकड्यांवर का करू नये.

मी पुण्यात बरीच वर्षं क्लब क्रिकेटमध्ये ऑफस्पिन टाकली आणि आता मुलांना शिकवतो. शिष्यांचे पालक हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: माझ्या मुलाच्या विकेट जास्त, मग संघात तो का नाही? माझं उत्तर दोघांनाही एकच आहे. स्पिनर एकटा निवडला जात नाही. खेळपट्टी, समोरचे फलंदाज आणि दुसऱ्या टोकाचा गोलंदाज, या तिघांसकट तो निवडायचा असतो. सरासरीत हे तिन्ही दिसत नाहीत.

पुराव्यासाठी लांब जायला नको, आपलं पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियमच पुरे. तिथे आजवर तीन कसोटी झाल्या आणि तिन्हींत पाहुण्या संघाकडे डावखुरा फिंगरस्पिनर, म्हणजे बोटांनी चेंडू वळवणारा गोलंदाज, होता. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह ओकीफ: दोन्ही डावांत 35 धावांत 6, म्हणजे 70 धावांत 12 बळी. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा केशव महाराज: 50 षटकं, 196 धावा, 1 बळी. 2024 मध्ये न्यूझीलंडचा मिचेल सँटनर: 53 धावांत 7 आणि 104 धावांत 6, मिळून 13. आता या तिघांत सगळ्यात चांगला कसोटी गोलंदाज कोण, असं विचारलंत तर मी क्षणभरही न थांबता महाराज म्हणेन. आफ्रिकेसाठी कसोटीत त्याच्याइतके बळी दुसऱ्या कुठल्याही स्पिनरने घेतलेले नाहीत. ओकीफ सगळे मिळून 9 कसोटी खेळला. पुण्याच्या 12 बळींनंतर त्याच मालिकेतल्या उरलेल्या तीन कसोटींत त्याला 7 मिळाले. सँटनरने गहुंज्याला येईपर्यंत कसोटीच्या एका डावात पाच बळी कधी घेतले नव्हते, आणि त्याची सरासरी चाळिशीच्या पुढे होती.

मग झालं काय? 2017 ची खेळपट्टी पहिल्या दिवसापासून कोरडी आणि भेगाळलेली होती. आयसीसीने नंतर तिला 'खराब' असा शेरा दिला. अशा विकेटवर जास्त वळवणारा गोलंदाज बॅटची कड चुकवत राहतो, चेंडू कीपरकडे जातो आणि बळी काही मिळत नाही. भारताचा ऑफस्पिनर अश्विन आणि डावखुरा स्पिनर जडेजा यांचे कितीतरी चेंडू असे वाया गेले. ओकीफ स्टंपांच्या रेषेत टाकत होता. काही चेंडू वळत, काही सरळ घुसत, आणि कुठला काय करणार हे फलंदाजाला टप्पा पडेपर्यंत कळत नव्हतं. पहिल्या डावात भारताचे शेवटचे 7 गडी 11 धावांत गेले, ते या न वळलेल्या चेंडूंच्या धाकाने.

2019 मध्ये भारताने नाणेफेक जिंकली आणि पाटा, म्हणजे फलंदाजीला सोप्या, विकेटवर पहिले दोन दिवस फलंदाजी केली. मयंक अगरवालचं शतक, विराट कोहलीच्या नाबाद 254, धावफलकावर 5 बाद 601. महाराजने तिथे वेगळं काय करायचं होतं? त्याला हवी होती चौथ्या दिवसाची खेळपट्टी आणि पाठीशी धावा, आणि हातात होता पहिला दिवस. त्याच्या कारकिर्दीच्या सरासरीत ते 196 आजही बसलेले आहेत. म्हणून मी सरासरी पाहतो तेव्हा आधी विचारतो, यातले किती चेंडू पहिल्या डावात पडलेत आणि किती शेवटच्या? जो संघ सतत नाणेफेक हरतो किंवा ज्याचे फलंदाज धावा करत नाहीत, त्याच्या स्पिनरची सरासरी आपोआप फुगते.

मायदेश आणि परदेश हा फरक तर सगळ्यांना माहीत आहे, पण तो किती मोठा असतो याची कल्पना नसते. शेन वॉर्नची कारकिर्दीतली सरासरी 25.41 आणि भारतात 43 च्या वर. मुरलीधरन 22.72, भारतात 45 च्या वर. या दोघांना भारतात कमी दर्जाचे गोलंदाज म्हणायची कुणाची हिंमत आहे? आणि अश्विनच्या 537 बळींपैकी 383 भारतातले आहेत म्हणून त्याला 'घरचा वाघ' म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: परदेशात तो अनेक सामन्यांत संघातच नव्हता. बाहेर बसलेल्या माणसाचे आकडे तयार होत नाहीत.

2023 ची जागतिक कसोटी अजिंक्यपदाची अंतिम लढत हे त्याचं मला सगळ्यात बोचणारं उदाहरण आहे. लंडनच्या ओव्हलवर ढगाळ हवा आणि हिरवट विकेट पाहून भारताने एकच स्पिनर घेतला, जडेजा. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सात जणांत वॉर्नर, ख्वाजा, हेड आणि कॅरी असे चार डावखुरे. अश्विन म्हणजे कसोटीत 200 डावखुऱ्यांना बाद करणारा पहिला गोलंदाज. ऑफस्पिनरचा चेंडू डावखुऱ्यापासून बाहेर जातो, हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण टीव्हीवर सहसा दिसत नाही. उजव्या हाताचे वेगवान गोलंदाज चेंडू टाकून पुढे जाताना त्यांचे बूट जिथे पडतात, ती जागा नेमकी डावखुऱ्याच्या ऑफस्टंपाबाहेर येते. तिथली माती उखडली की दुसऱ्या टोकाच्या ऑफस्पिनरला ती आयतीच मिळते. भारताचे चारही वेगवान गोलंदाज त्या सामन्यात उजव्या हाताचे होते. हेडने 163 केल्या. चौथ्या डावात ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर नेथन लायनने 41 धावांत 4 बळी घेतले, तेव्हा त्या विकेटवर ऑफस्पिनरला काम होतं हेही दिसलं. पहिल्या सकाळचं आभाळ पाहून पाच दिवसांचा संघ निवडला की असं होतं. ही निवड मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे, म्हणजे कुलदीपकडे. डिसेंबर 2022 मध्ये चट्टोग्रामला त्याने पहिल्या डावात 40 धावांत 5, सामन्यात 8 बळी घेतले, 40 धावाही केल्या, सामनावीर झाला, आणि पुढच्याच मीरपूर कसोटीत बाहेर बसला. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटी झाल्या, एकीतही तो खेळला नाही. मीरपूरला त्याच्या जागी वेगवान गोलंदाज घेतला, इंग्लंडमध्ये कारण होतं: खालच्या फळीत फलंदाजी हवी.

हे दुखणं जुनं आहे. 1971 च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार वाडेकरांच्या संघात ऑफस्पिनर प्रसन्ना होता, पण तिन्ही कसोटी दुसरा ऑफस्पिनर वेंकटराघवन खेळला, कारण तो क्षेत्ररक्षक म्हणून सरस होता आणि बॅटही बरी चालवायचा. वेंकटने त्या मालिकेत 13 बळी घेतले आणि आपण मालिका जिंकलो, म्हणून त्या निर्णयाला आज कुणी नावं ठेवत नाही. चेंडू हवेत थांबवून फलंदाजाला पुढे खेचणारा प्रसन्ना मात्र तीनही सामने पॅव्हेलियनमधून पाहत होता. निकाल बरोबर आला म्हणजे निवडीमागचं कारण बरोबर होतंच असं नाही.

इथे कुणी म्हणेल, गहुंज्याला 2024 मध्ये कुलदीपला काढून वॉशिंग्टनला घेतलं, आणि त्याने पहिल्या डावात 59 धावांत 7, सामन्यात 11 बळी घेतले, त्याचं काय? मी म्हणतो, ती निवड उत्तम होती, आणि फलंदाजीमुळे नव्हे, गोलंदाजीमुळे. न्यूझीलंडकडे लॅथम, कॉनवे, रवींद्र हे वरचे तीन महत्त्वाचे डावखुरे. खेळपट्टी काळ्या मातीची, चेंडू खाली राहणारा आणि संथ. अशा विकेटवर हवेत उंच दिलेला चेंडू फलंदाजाला मागे जाऊन खेळायला वेळ देतो. वॉशिंग्टन उंच आहे, चेंडू वेगाने टाकतो आणि स्टंप सोडत नाही. त्याचे सातपैकी पाच बळी त्रिफळाचीत होते, यातच सगळं आलं. रचिन रवींद्रला टाकलेला तो चेंडू, मधल्या यष्टीच्या रेषेत पडून बॅटच्या बाहेरून ऑफस्टंप घेऊन गेलेला, मी शिष्यांना अजून दाखवतो. 3 बाद 197 वरून न्यूझीलंड 259 वर संपलं. सामना आपण 113 धावांनी हरलो, पण तो फलंदाजांनी हरवला.

आणि नेमका याच्या उलट प्रकार नोव्हेंबर 2025 मध्ये ईडन गार्डन्सवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. भारताने चार स्पिनर खेळवले: जडेजा, अक्षर, कुलदीप, वॉशिंग्टन. कागदावर केवढी मोठी फौज! वॉशिंग्टनने दोन्ही डावांत मिळून एक षटक टाकलं. तो तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला आला, आणि दोन्ही वेळा बराच तग धरला, ते कौतुकाचंच आहे. पण मग तो स्पिनर म्हणून निवडला होता की फलंदाज म्हणून? समोर आफ्रिकेचा ऑफस्पिनर सायमन हार्मरने एकट्याने 51 धावांत 8 बळी घेतले आणि 124 चा पाठलाग करताना आपण 93 वर आटोपलो. चार स्पिनर घेतल्याने गोलंदाजी चौपट होत नाही. षटकं तेवढीच असतात, ती वाटली जातात, आणि कुणालाच सलग लांब स्पेल मिळत नाही. स्पिनरला फलंदाज ओळखायला आठ-दहा षटकं लागतात. चार षटकांत बदलला तर त्याने लावलेला सापळा अर्धाच राहतो.

दुसऱ्या टोकाचं महत्त्व मी सुरुवातीला म्हटलं ते इथे येतं. जडेजा एका बाजूने मिनिटा-दोन मिनिटांत षटक संपवतो, धाव देत नाही. फलंदाज गुदमरतो आणि समोरच्या टोकाला हात मोकळे करायला जातो. ते बळी अश्विनच्या नावावर लागले, तरी अर्धे जडेजाचे होते. कुलदीपसारखा मनगटी गोलंदाज अधूनमधून सैल चेंडू देणारच, त्याला असा जोडीदार दिला तर तो परवडतो. जोडी न पाहता एकेकाची सरासरी शेजारी शेजारी मांडणं मला म्हणूनच पटत नाही.

चेंडूबद्दल थोडं. कसोटीत देशागणिक वेगळ्या कंपनीचा चेंडू असतो: भारतात एसजी, इंग्लंडमध्ये ड्यूक, ऑस्ट्रेलियात कुकाबुरा. एसजीची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असते, बोटाने वळवणाऱ्याला ती पकडायला मिळते, विकेटवर आदळली की पकडही घेते. कुकाबुराची शिवण लवकर बसते. तिथे बाजूच्या वळणापेक्षा वरून पुढे फिरवलेला चेंडू कामाला येतो, तो टप्प्यावर अचानक उसळतो. लायन ऑस्ट्रेलियात इतकी वर्षं टिकला तो याच उसळीवर. आपला एखादा तरुण स्पिनर रणजीत पन्नास बळी घेऊन येतो तेव्हा निवड समितीने त्याचा चेंडू कुठल्या अक्षावर फिरतो हे पाहावं, नुसते पन्नास मोजू नयेत.

तरीही, रणजीतले बळी हलक्यात घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, सरासरी विशीच्या आत. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5. राजिंदर गोयल यांचे 750. दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही, कारण त्यांच्यासारखेच डावखुरे स्पिनर बिशनसिंग बेदी त्याच काळात होते. बेदी मोठेच होते. पण एखाद्या वळणाऱ्या विकेटवर बेदींसोबत दुसरा डावखुरा का नको, हा प्रश्न तेव्हा कुणी जोरात विचारला नाही. 'एका प्रकारचा एकच' हा नियम कुठल्याही नियमपुस्तकात नाही. अश्विनसोबत वॉशिंग्टन खेळला किंवा जडेजासोबत अक्षर खेळतो हे आठवलं की मला शिवलकरांची आठवण येते आणि वाईट वाटतं.

आणि कुणाला 'परदेशात चालत नाही' असं ठरवून टाकण्याआधी कुंबळे आठवा. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या कसोटीला हरभजन खेळला, तो जखमी झाला म्हणून कुंबळेला जागा मिळाली. उरलेल्या तीन कसोटींत त्याने 24 बळी घेतले. ॲडलेड आपण जिंकलो त्या सामन्याच्या पहिल्या डावात त्याच्या आकड्यांपुढे 154 धावा होत्या, पण बळीही 5 होते.

तर तुमच्या तिघांत माझी निवड अशी. काळ्या मातीची संथ विकेट आणि समोर डावखुरे जास्त असतील तर जडेजासोबत वॉशिंग्टन. उजव्या हाताचे फलंदाज जास्त, पहिल्या दिवसापासून वळणारी विकेट, तर अक्षर. पदार्पणाच्या मालिकेत इंग्लंडविरुद्ध तीन कसोटींत त्याने घेतलेले 27 बळी याच पद्धतीचे होते. बाकी सगळीकडे, विशेषतः चेंडू वळायला तयार नसलेल्या पाटा विकेटवर आणि परदेशात एकच स्पिनर खेळवायचा असेल तेव्हाही, कुलदीप. खेळपट्टीची मदत नसताना चेंडू वळवतो तो मनगटवालाच. त्याच्याऐवजी आठव्या क्रमांकावर मिळणाऱ्या तीस धावांसाठी समोरच्या संघाला शंभर जास्त करू देणं मला कधीच मान्य होणार नाही.