‘शेक का देत नाहीत?’

प्रश्न : माझे यजमान एसटीत चालक, वय 46. डाव्या गालाच्या आतला कॅन्सर महिन्यापूर्वी काढला, मानेतल्या गाठीही काढल्या. रिपोर्टात लिहिलंय : पीटी1 एन0, खोली 4 मिमी, कडा 7 मिमीपर्यंत मोकळ्या, 28 गाठींपैकी एकीतही कॅन्सर नाही, नसांभोवती पसरलेला नाही. डॉक्टर म्हणतात, फक्त तपासणीला येत राहा. दीर म्हणतात, शेक (रेडिएशन) दिल्याशिवाय कॅन्सर जात नाही. यजमानांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. काय करावं? — एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुम्ही रिपोर्ट अक्षरन् अक्षर उतरवलात, बरं झालं. बहुतेक पत्रांत ‘गाठ लहान होती’ एवढंच असतं. इथे पीटी1 एन0, म्हणजे गाठ लहान आणि मान स्वच्छ. खोली 5 मिमीच्या आत, काढलेल्या तुकड्याच्या कडाही मोकळ्या. मग शेक कशावर द्यायचा? त्याने लाळ आटते, दात किडतात, जबड्याचं हाड नाजूक होतं. शिवाय पुढे कधी गरज पडलीच तर हुकमाचा पत्ता आधीच वापरलेला असतो. तरी मन मानत नसेल तर याच आठवड्यात शेक देणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. द्यायचाच असेल तर शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेला बरा.

मानेची शस्त्रक्रियाही वाया गेली नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं, की सुरुवातीलाच मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांपैकी 67.5.

मला काळजी आहे ती त्या दोन बोटांची. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणा. पुढच्या दातांमध्ये मावतील तेवढ्या एकावर एक ठेवा, अर्धा मिनिट थांबा, मग मधे आणखी एक सरकवा. दिवसातून पाच-सहा वेळा. ओढ बसेल, पण रक्त येईपर्यंत नको. माझा एक शिंपी रुग्ण काड्यांचा रोजचा आकडा मशीनमागच्या भिंतीवर खडूने लिहायचा. 11 वरून 17 वर यायला त्याला तीन महिने लागले.

आजार उलटतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत. तेव्हा पहिलं वर्ष दर महिना-दोन महिन्यांनी दाखवाच. मधेच पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम किंवा मानेत टणक गाठ लागली, तर तारखेची वाट पाहू नका.

तंबाखू मात्र कायमची बंद. खाकी शर्टाचे खिसे तुम्हीच तपासा. दीर खातात का, हे तुम्ही लिहिलं नाही. खात असतील तर त्यांनाही सोबत न्या. एकाच खेपेत दोघांची तोंडं बघून होतील.