लेकीला आर्टला घाला, पण शेत विकून नको

दादा, राम राम. तुमची लेक उदगीरला बारावी झाली, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आहे, आणि एजंट अमेरिकेतलं किंवा बर्लिनमधलं खासगी कॉलेज सुचवतोय. त्यासाठी शेत काढावं का, असं तुम्ही विचारलंत. मी लातूरचा, सध्या जर्मनीत डिझाइनचं काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: पदवी आपल्याकडंच होऊ द्या, बाहेर पाठवायचं ते मास्टर्सला.

अमेरिकेचा हिशेब आधी मांडा. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनसारख्या ठिकाणी नुसती फीच वर्षाला ६०,००० डॉलरच्या घरात. राहणं-खाणं धरलं की चार वर्षांत दोन कोटींच्या पुढं गेलात. शिकून झाल्यावर कामाला साधारण १२ महिने मिळतात. इंजिनिअरिंगवाल्यांना वर आणखी २४ महिने मिळतात, पेंटिंगवाल्यांना नाही. एवढं कर्ज चित्रं विकून कसं फिटायचं?

त्यापेक्षा बीएफएची, म्हणजे आपल्याकडच्या कलेच्या पदवीची सीईटी देऊ द्या. संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय जवळ आहे, नाहीतर मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट. पोटापाण्याचा विचार असेल तर अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात-डिझाइनची शाखा घ्या. पेंटिंगचंच वेड असेल तर मात्र अडवू नका, जबरदस्तीनं काढलेले लोगो दिसतातच.

या चार वर्षांत पोर्टफोलिओ, म्हणजे तिच्या निवडक कामाचा संच उभा राहिला पाहिजे. जर्मनीतल्या सरकारी आर्ट अकादम्या मार्कांपेक्षा तोच बघतात. आपली पोरं अजिंठ्याच्या पद्मपाणीची पोस्टर कलरमधली नक्कल आणि पेन्सिलनं काढलेला एक सुरकुतलेला म्हातारा पाठवतात. हात चांगला आहे एवढंच त्यातून कळतं. तिला म्हणावं, मोंढ्यात सौदे चालू असताना वही घेऊन बस. पाठीवर पोतं आलं की हमालाची मान कुठं वळते, हूक कुठल्या हातात असतो, फळीवर चढताना पाऊल कसं पडतं, हे काढ. एकाच विषयाची वीस-पंचवीस पानं कर, आणि फसलेलं पान फाडू नको. मुलाखतीत नेमकी तीच पानं उघडून प्रश्न विचारतात.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना शिक्षणशुल्क नाही, सेमिस्टरला काहीशे युरो भरावे लागतात. स्टुटगार्टच्या राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात दाखवावे लागतात, पण ते तिचेच, महिन्याला ९९२ असे खर्चाला परत मिळतात. त्याआधी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का ते तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ धरा. शिक्षण चालू असताना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अॅनिमेशन, गेम, अॅप डिझाइनवाल्यांचं त्यात जमून जातं. निव्वळ चित्रकारांतले बरेच जण प्रदर्शनं मांडायचं किंवा शिकवण्याचं काम धरून चित्रं काढतात.

भाषेत हयगय नको. कलेचे बरेच कोर्स जर्मनमध्येच चालतात, तेव्हा बीएफएच्या पहिल्या वर्षापासूनच क्लास लावा.

आणि एजंटचं म्हणाल तर, फुकटच्या सरकारी अकादमीत त्याला कमिशन नसतं, म्हणून तो ती सुचवत नाही. त्यानं दिलेल्या बर्लिनच्या कॉलेजचं नाव 'होखशूलकोम्पास' (Hochschulkompass) या जर्मनीतल्या मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीत तपासा. तिथं नाव नसेल तर पैसे भरू नका. तिच्या वहीतल्या आठ-दहा पानांचे फोटो मला पाठवा, सर्टिफिकेटं नकोत.