दुहेरी जास्वंद फुलते, पण फुलपाखरं येत नाहीत. गच्चीवर कोणतं झुडूप लावू?

तुमच्या पुण्यातल्या गच्चीवर चार-पाच तास ऊन आहे, जास्वंद भरभरून फुलते, तरी फुलपाखरू फिरकत नाही, म्हणून घाणेरी लावू का, असं तुम्ही विचारलंय.

घाणेरी नको. फुलपाखरं येतील, पण तिची फळं खाऊन बुलबुल बिया टेकडीवर नेऊन टाकतात आणि तिथे ती रान माजवते. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्या गर्दीतून मधापर्यंत पोचणं अवघड.

एक्झोरा लावा. आमच्या कोकणात त्याला पेंटगूळ म्हणतात. बुटका संकरित नको, लाल फुलांचा उंच वाढणारा गावठी घ्या. फुलाची नळी लांब आणि बारीक असते. मधमाशीची जीभ तळाशी पोचत नाही, पण लांब सोंडेच्या फुलपाखरांना ती नेमकी जुळते. माझ्याकडे पावसाळा सरता सरता कॉमन मॉर्मन जातीची फुलपाखरं रोज येतात. नीलवंत, म्हणजे २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन, अधूनमधून दिसलं तरी दिवस चांगला जातो.

हे झाड मूळचं आम्लधर्मी मातीतलं, म्हणून जांभ्यावर सुखानं वाढतं. पुण्यात बोअरचं जड पाणी घातलं की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मी आधी पाणी कमी पडतंय समजून आणखी घालत गेले आणि एक रोप गमावलं. पाण्यातल्या चुन्यामुळे मुळांना लोह मिळत नाही. पावसाचं पाणी साठवून घाला, नर्सरीतलं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या मात्रेत द्या. मोठी कुंडी, लाल माती, शेणखत, आणि तळाला पाण्याचा निचरा हवाच. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, तेव्हा बहर संपला की छाटा.

मधमाश्यांसाठी शेजारी तुळस ठेवा आणि मंजिऱ्या खुडू नका.

आणि एक कढीपत्ता. कॉमन मॉर्मनची मादी त्यावर अंडी घालते. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. पानं खाल्लेली दिसली की लोक फवारा मारतात. कृपा करून मारू नका, निंबोळी अर्कसुद्धा नको. स्वयंपाकाला पानं हवी असतील तर कढीपत्त्याची दोन रोपं लावा.