सायकल रस्त्याच्या अगदी कडेने चालवावी का, आणि तिला परवाना लागतो का?

साध्या सायकलला परवाना, नोंदणी किंवा विमा लागत नाही, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील 'मोटार वाहना'च्या व्याख्येत ती बसतच नाही. हेल्मेटची सक्तीही त्या कायद्याने सायकलस्वारावर केलेली नाही, तरी ते घालावे. कडेने चालवण्याचा मुद्दा मात्र आमच्या घरात बरीच वर्षे धुमसतो आहे.

मी पुण्यात कोथरूडहून कर्वे रस्त्याने सायकलवर कामाला जातो. एका सकाळी नळस्टॉपच्या अलीकडे डावीकडे मोटारींची रांग उभी होती आणि मी नेहमीप्रमाणे तिच्यापासून एका उघड्या दाराइतके अंतर राखून चाललो होतो. मागच्या मोटारीचा हॉर्न थांबत नव्हता. मी वळून पाहिले, हाताने 'थांबा' अशी खूण केली आणि जागा सोडली नाही. तेवढ्यात रांगेतल्या एका मोटारीचे दार सताड उघडले. मी कडेला सरकलो असतो तर थेट त्याच्यावर आदळलो असतो. हॉर्नवाले गृहस्थ सिग्नलला शेजारी आले आणि काच खाली करून त्यांनी विचारले, "रस्ता विकत घेतलाय का?"

ही हकीकत ऐकून माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, म्हणाले, "बरोबर विचारलं त्यांनी. तुम्ही रोड टॅक्स कुठे भरता?" हा युक्तिवाद ते दर दिवाळीला करतात. मोटारींचा कर राज्य सरकारकडे जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते आणि तिचा मिळकतकर मीही भरतो. शिवाय एके काळी सायकललाही कर होता आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला दाजींच्याच सायकलवर मी पाहिलेला आहे.

तेव्हा डावीकडूनच चालवा, पण गटाराच्या जाळीला चिकटून नव्हे, कारण तुम्ही जितके कडेला सराल तितके मागचा माणूस उरलेल्या फटीतून पुढे काढायला बघतो. बसच्या किंवा डंपरच्या डाव्या अंगाने सिग्नलला पुढे घुसू नका. तिथले चालकाला दिसत नाही. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. उलट दिशेने येणाऱ्या सायकलवाल्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सायकललाही लागू आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

अर्थात, हे शहरातल्या संथ रहदारीपुरते आहे. नवले पुलाच्या उतारावर अवजड वाहनांपुढे मीही असा हट्ट धरणार नाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर सायकलला बंदीच आहे.

मोटारीने धडक दिलीच, तर तिचा क्रमांक टिपून पोलिसांत नोंद करा, कारण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सायकलस्वारालाही भरपाई मागता येते. दाजी दरवर्षी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता भरतात. तो थर्ड पार्टी म्हणजे कोण, हे त्यांनी एकदा पॉलिसीत वाचावे.