आईसाठी जेवणाच्या टेबलाची फिरती खुर्ची कशी बनवून घ्यावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: आईंचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखतात, टेबलाची एक बाजू भिंतीला लावलेली. खुर्ची मागे ओढून आत शिरायचं आणि बसल्या बसल्या ती पुढे सरकवायची, हे आता त्यांना जमत नाही. म्हणून फिरती खुर्ची हवी. ऑफिसची खुर्ची आणली तर चालेल का, आणि बनवून घेतली तर मधे कुठलं बेअरिंग घालायचं?

मी पुण्यात धायरीला लोखंडाचं आणि लाकडाचं फर्निचर बनवतो. अशा नऊ खुर्च्या आजवर केल्यात आणि त्यातली पहिली चुकलेली होती. त्यामुळे बेअरिंगचं नंतर बोलू. फिरणारी खुर्ची कोणीही करून देईल. तुमच्या आईंना लागणार आहे ती ठरलेल्या दोन जागी पक्की थांबणारी खुर्ची. हे थांबणं आधी ठरवा, बाकी सगळं त्याभोवती बसवा.

ऑफिसची खुर्ची मात्र आणू नका. गुडघे दुखणारा माणूस बसताना शेवटचे दोन-तीन इंच स्वतःला सोडून देतो, कारण मांड्यांत तेवढी ताकद उरलेली नसते. नेमक्या त्या वेळी खुर्ची टाइल्सवर चार बोटं मागे पळाली तर माणूस थेट जमिनीवर. चाकं काढून खाली बुश लावले तरी मधला दांडा मोकळाच फिरत राहतो.

मोकळं फिरणं किती वाईट ते मी मावशीच्या घरी पाहिलं. सात वर्षांपूर्वी तिच्यासाठी पहिली खुर्ची केली. एका बोटाने ढकलली तरी बैठक दोन फेरे घ्यायची, इतकं बेअरिंग हलकं बसलं होतं, आणि काम छान झालं असं मी समजत होतो. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर मावशी उठायला गेली. तिचा उजवा गुडघा जास्त दुखतो, म्हणून ती सगळा भार डाव्या हातावर घेते. हात खुर्चीच्या हातावर दाबताना तो नुसता खाली जात नाही, थोडा पुढेही रेटला जातो. मधल्या दांड्यापासून दहा इंचांवर एवढा रेटा बैठक फिरवायला पुरेसा होता. ती टेबलाच्या कडेवर बरगडीवर आदळली, आमटीची वाटी अंगावर सांडली. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस तिला कूस बदलता येत नव्हती. मला ती एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून जेवायला लागली.

त्यानंतरच्या प्रत्येक खुर्चीत मी खटका घालतो. पायांच्या चौकटीवर ८ मिमी जाडीची लोखंडी चकती वेल्ड करायची आणि तिला दोन भोकं पाडायची: एक तोंड टेबलाकडे असतानाचं, दुसरं बैठक ९० अंशांत बाहेर वळल्यावरचं. बैठकीच्या खालच्या अंगाला स्प्रिंगची १२ मिमीची पिन. भोकावर आली की ती आपसूक आत पडते, टक असा आवाज येतो आणि बसलेल्याला कळतं की आता हलणार नाही. ही भोकं दांड्यापासून किमान ९० मिमी लांब ठेवा. फॅब्रिकेटर सोयीसाठी ती मध्याजवळ पाडायला बघेल, तेव्हा हा हिशोब त्याला दाखवा: भोकात अर्धा मिमी ढिलाई असेल आणि भोक ३० मिमीवर असेल, तर बैठकीच्या कडेला जवळजवळ ४ मिमी लटपट जाणवते. तेच भोक ९० मिमीवर असेल तर सव्वा मिमी. वयस्कर माणसाचा विश्वास त्या लटपटीवर ठरतो. खुर्ची जराशी जरी हलली तरी ते तिच्यावर पूर्ण भार टाकत नाहीत.

पिन उचलायला बैठकीच्या कडेखाली पट्टी असते. ती बोटाने ओढायची ठेवू नका, संधिवाताची बोटं वाकत नाहीत. चार बोटं रुंदीची, तळहाताने वर दाबायची ठेवा. आणि ९० अंशांच्या पुढे बैठक जाऊच नये म्हणून चकतीवर एक अडणी वेल्ड करून घ्या. पूर्ण गोल फिरण्याचा इथे काहीच उपयोग नाही.

तुम्हाला कोणी सांगेल की माणूस उठला की आपोआप सरळ होणारी खुर्ची मिळते, ती घ्या. तशा असतात, बार काउंटरपुढच्या स्टुलांत मी त्या उघडून पाहिल्या आहेत. काहींत स्प्रिंग असते. काहींत दोन पाइप उताराने कापून एकमेकांवर बसवलेले असतात, बैठक फिरली की ती थोडी वर चढते आणि वजनाने परत जागेवर घसरते. पण हिशोब करा: ९० अंशांत १० मिमी चढ असेल आणि माणूस ६० किलोचा असेल, तर खुर्चीच्या हाताच्या टोकाला सुमारे दीड किलोचा रेटा सतत टेबलाच्या दिशेने असतो. तरण्या माणसाला तो कळणारही नाही. बाहेर तोंड करून उठू पाहणाऱ्या आजीला तोच रेटा मागे वळवणार. मी तो प्रकार वापरत नाही.

आता अशी गोष्ट, जी मला तिसऱ्या खुर्चीपर्यंत कळली नव्हती. नुसती फिरून खुर्ची माणसाला ताटापर्यंत नेत नाही.

टेप घेऊन मोजून बघा. आपण हाताने जेवतो, आमटीभात कालवायचा असतो, त्यामुळे पोट आणि टेबलाची कड यांत १० सेंमीपेक्षा जास्त अंतर चालत नाही, मांडीवर सांडतं. बैठकीची खोली ४२ सेंमी आणि दांडा तिच्या मधोमध असेल, तर जेवताना दांडा टेबलाच्या कडेपासून साधारण १३ सेंमीवर येतो. पण आडवं वळून बसलेल्या माणसाचं कोपर मध्यापासून २३ सेंमी बाहेर असतं. म्हणजे वळायला जागा हवी ती २३ ते २५ सेंमीची. फरक चार इंचांचा. खुर्ची जेवणाच्या अंतरावर ठेवाल तर कोपर अडेल, वळण्याच्या अंतरावर ठेवाल तर ताट लांब.

बरेच जण म्हणतात, दांडा मागे सरकवा, पाठीच्या खाली घ्या. कागदावर अंतर जुळतं. पण मग बैठकीची पुढची कड दांड्यापासून साधारण १२ इंच पुढे जाते आणि उठताना माणूस नेमका त्या कडेवर बसलेला असतो. खुर्ची पुढे कलंडते. दांडा मधेच ठेवा आणि चार इंच सरकण्याची वेगळी सोय करा.

घरात जेवताना दुसरं कोणी हमखास असेल तर सोपं आहे: पायांना नायलॉनचे जाड बुश लावा (बोहरी आळीत ढिगाने मिळतात), आई वळून बसल्या की मागून एक हलका धक्का द्यायचा. आई दुपारी एकट्याच जेवत असतील तर पायांची चौकट जागेवर ठेवून वरचा भाग दोन २० मिमीच्या गोल दांड्यांवर सरकवावा लागतो. त्यासाठी २० मिमीची लिनिअर बेअरिंग (गोल दांड्यावर सरळ सरकणारी) मिळतात, चार लागतात. त्या सरकण्यालाही पुढे आणि मागे खटका हवाच. ड्रॉवरचे चॅनेल यात कधीही वापरू देऊ नका. ते ड्रॉवरचा भार पेलायला केलेले असतात, कडेवर बसलेल्या माणसाच्या झटक्याने वाकतात.

जेवणाची खुर्ची फिरती करण्याची कल्पना जुनी आहे. १९१२ सालच्या टायटॅनिकच्या दुसऱ्या वर्गाच्या भोजनगृहात लांब टेबलांना फिरत्या खुर्च्या होत्या, खाली जमिनीला बोल्टने आवळलेल्या. समुद्रात जहाज डोलतं, सुटी खुर्ची घसरेल, म्हणून ती जागेवर पक्की. आणि पक्की असल्यामुळे मागे ओढता येत नाही, म्हणून बैठक फिरती. तुमच्या आईंची अडचण तीच आहे. अमेरिकी वास्तुरचनाकार ईरो सारिनेन यांची १९५७ च्या सुमारास बाजारात आलेली एका दांड्याची ट्यूलिप खुर्ची तुम्ही इंटरनेटवर पाहिली असेल, टेबलाखालची पायांची गर्दी नको म्हणून त्यांनी ती तशी केली. फार सुंदर आहे आणि फिरतीही मिळते. पण एका दांड्याची खुर्ची बैठकीच्या कडेवर भार देऊन उठणाऱ्यासाठी मी करणार नाही, कारण पुढे सांगतो.

दांड्याखाली चार फांद्यांचा पाया असेल आणि प्रत्येक फांदी ३० सेंमीची, तर दोन फांद्यांच्या मधल्या दिशेला खुर्चीचा आधार मध्यापासून फक्त २१ सेंमीपर्यंत असतो. पाच फांद्या असतील तर २४. ऑफिसच्या खुर्चीला पाच फांद्या असतात त्या याचसाठी. बैठकीची कड मध्यापासून २१ सेंमीवर, म्हणजे चार फांद्यांवर कडेवर बसणारा माणूस अगदी काठावर. त्यापेक्षा चार सरळ पायांची, बाहेरून २० इंच चौरस चौकट करा. आधार सगळीकडे किमान २५ सेंमीपर्यंत जातो आणि खुर्ची घरातल्या बाकीच्या खुर्च्यांसारखी दिसते. आईंना ती दवाखान्यातली वाटत नाही, हेही महत्त्वाचं आहे.

त्या चौकटीत एक चूक सगळे सुतार करतात: मजबुतीसाठी खाली चारी बाजूंनी आडव्या पट्ट्या. ज्या बाजूला आई वळून उठणार त्या बाजूची पट्टी काढून टाका. उठताना माणूस पाय मागे घेतो, टाचा बैठकीखाली जातात, तेव्हाच वजन पायांवर येतं. तिथे पट्टी असेल तर टाच अडते आणि सगळा जोर गुडघ्यावर. उरलेल्या तीन बाजूंच्या पट्ट्या पुरतात.

आता बेअरिंग. बाजारात सहा इंची चौकोनी फिरती प्लेट मिळते, दोन पत्रे आणि मधे छर्रे. ती लावणं सर्वांत सोपं, म्हणून सगळे तीच सुचवतात. नवी असताना ठीक चालते. पत्रा झिजला की खुर्चीची पाठ डुगडुगायला लागते आणि ते दुरुस्त होत नाही. मी टर्नरकडून २५ मिमीचा दांडा करून घेतो. वजन पेलायला ५११०५ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग, आणि दांडा सरळ राहावा म्हणून वर-खाली ६२०५ नंबरची दोन साधी बेअरिंग. या दोन बेअरिंगमधलं अंतर हाच मजबुतीचा प्रश्न आहे. ७० किलोचा माणूस मध्यापासून २० सेंमीवर भार टाकतो तेव्हा दोन्ही बेअरिंग ३ सेंमी अंतरावर असतील तर प्रत्येकावर ४६७ किलोचा आडवा जोर येतो, १२ सेंमीवर असतील तर ११७. म्हणून पाइप लांब घ्या. या खुर्चीत बेअरिंग ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

मापं थोडक्यात. टेबल ३० इंच उंच असेल तर बैठक १८ इंच, गुडघ्यांसाठी जमलं तर १८½. ही उंची फोम दबल्यानंतरची, म्हणून आईंना बसवून मोजा. खुर्चीचे हात हवेतच, आणि ते बैठकीबरोबर फिरले पाहिजेत. टेबलाच्या फळीखाली लाकडी पट्टी असेल तर तिच्या खालून हात जातात का बघा. बहुतेक टेबलांना बैठकीपासून सात इंचांवर ठेवले की जातात. रेक्झिन घ्या, कापड नको. बैठक आणि चकती यांतली फट एक तर बोट शिरणार नाही इतकी बारीक ठेवा, नाही तर बोट मोकळं राहील इतकी रुंद. मधलीच ठेवाल तर बोट चिमटेल. भोवती दोन इंचांची रेक्झिनची झालर लावली तर साडीचा पदर आणि भाताची शितं आत जात नाहीत.

घरी नेण्याआधी वर्कशॉपमध्येच बैठक आडवी वळवून कडेवर सिमेंटची ५० किलोची गोणी ठेवा आणि दुसरी अलगद तिच्यावर टाका. मागचे पाय उचलले तर चौकट रुंद करायला सांगा.

एक राहिलं. बाहेर वळायचं ते डावीकडे की उजवीकडे, हे आपण जागा बघून ठरवतो, ते बरोबर नाही. मावशीची दुसरी खुर्ची मी खोलीत जागा मोकळी होती म्हणून उजवीकडे वळणारी केली. वळताना ती पावलांनी जमीन थोडी थोडी रेटते, आणि उजवीकडे जाताना रेटा दुखऱ्या गुडघ्यावर यायचा. दुसरं भोक डावीकडे पाडून दिलं, टेबल भिंतीपासून हातभर सरकवलं, तेव्हा ती त्या खुर्चीवर जेवायला बसली. तेव्हा चकतीला भोकं पाडण्याआधी आईंना साध्या स्टुलावर बसवून दोन्हीकडे वळायला सांगा आणि त्यांचा चेहरा बघा.